बटाटा कच्चा, चीज फाटलेलं

मागच्या पावसाळ्यात छत्रपती संभाजीनगरला आम्ही काही शिक्षक एका मैत्रिणीच्या घरी जमलो होतो. दिवसभर शाळेतल्या प्रयोगांची तयारी चालली होती. रात्री जेवायला आम्ही आणि मदतीला आलेली नववी-दहावीची मुलं मिळून बारा जण होतो. शेगडीच्या एका बर्नरवर भाकरी, दुसऱ्यावर वरण. ठेचा वाटून झालेला. मुलांच्या आवडीचं काहीतरी हवं म्हणून चीज घातलेला बटाटा करायचं ठरलं. त्यासाठी घरात नवीनच आलेला विजेवरचा प्रेशर कुकर होता. त्याच्या भांड्यात आम्ही बटाट्याच्या फोडी, दूध, थोडं आंबट दही, किसलेलं चीज, मीठ आणि मिरपूड असं सगळं एकदम घातलं, झाकण लावलं आणि बटण दाबलं.

दहा-बारा मिनिटांनी कुकर पीं-पीं करून बंद पडला. झाकण उघडलं तर तळाला करपलेला थर, वर पिवळ्या तुपासारखा तवंग, त्यात चीजच्या रबरी गुठळ्या, आणि बटाटे दाताखाली कचकच वाजणारे. बारा जणांनी वरण-भाकरी आणि ठेच्यावर भागवलं.

भांडं घासताना नववीतल्या एका मुलीनं विचारलं, "मॅडम, कुकरमध्ये सगळं लवकर शिजतं ना? मग एकाच भांड्यात बटाटा कच्चा राहिला आणि चीज जास्त शिजलं, असं कसं?"

प्रश्न अगदी नेमका होता. 'कुकरमध्ये सगळं लवकर शिजतं' हे वाक्य आपण इतक्यांदा बोलतो की 'शिजणं' ही एकच क्रिया आहे असं वाटू लागतं. प्रत्यक्षात बटाट्याचं शिजणं वेगळं आणि चीजचं वितळणं वेगळं. एकाला मदत करणारी परिस्थिती दुसऱ्याचं वाटोळं करते.

कुकरमध्ये काय घडतं

आधी कुकरकडे पाहू. पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळतं असं आपण शिकवतो, ते समुद्रसपाटीवर. संभाजीनगर समुद्रसपाटीपासून साधारण ५७० मीटर उंचावर आहे. तिथे हवेचा दाब थोडा कमी, म्हणून पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. उघड्या पातेल्यात आच कितीही वाढवली तरी त्यापुढे तापमान जात नाही. जास्तीची उष्णता फक्त जास्त वाफ करते.

वाफ कोंडली की दाब वाढतो आणि पाण्याचा उत्कलनबिंदूही वर सरकतो. फ्रान्सच्या डेनिस पापँ यानं १६७९ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे असं भांडं मांडलं. हाडंसुद्धा मऊ करणारं हे यंत्र आणि ते फुटू नये म्हणून त्यानं लावलेली सुरक्षा-झडप, दोन्ही आजच्या कुकरचे पूर्वज. शेगडीवरच्या आपल्या कुकरमध्ये शिटीचं वजन दाब ठरवतं. विजेच्या कुकरमध्ये तळाशी तापणारी तबकडी, दाब ओळखणारा स्विच आणि भांड्याच्या बुडाला टेकलेला तापमापक असतो. ठरलेला दाब आला की वीज बंद, दाब उतरला की पुन्हा चालू. म्हणून त्याला शिट्ट्या नसतात. या कुकरचं पहिलं पेटंट चीनमध्ये १९९१ साली दाखल झालं. २०१० मध्ये कॅनडातल्या एका कंपनीनं 'इन्स्टंट पॉट' बाजारात आणला आणि अमेरिकेतल्या मराठी घरांमध्येही वरण-भातासाठी तो रुळला. (तिकडून कुणी असा कुकर भेट आणला तर थेट आपल्या प्लगात लावू नका. तो १२० व्होल्टसाठी असतो, आपला पुरवठा २३० व्होल्टचा. शक्ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे तबकडीवर जवळजवळ पावणेचारपट भार. दहावीच्या वर्गासाठी उदाहरण मात्र छान आहे.)

विजेच्या कुकरमधला दाब शेगडीच्या कुकरपेक्षा सहसा थोडा कमी असतो. संभाजीनगरात त्याच्या आत साधारण ११५ अंश तापमान मिळतं. पातेल्याशी तुलना केली तर फरक जेमतेम १७ अंशांचा. एवढ्यानं काय होतं? ढोबळमानानं असं धरतात की दर १० अंशांना शिजण्याच्या रासायनिक क्रियांचा वेग दुप्पट होतो. मग १७ अंशांना तो तिपटीच्या वर जातो. उकळत्या पाण्यात वीस-बावीस मिनिटं घेणारा बटाटा सहा-सात मिनिटांत होतो, तो या हिशेबानं.

पण हे सगळं वाफ झाली तर. आमच्या भांड्यात मोकळं पाणी नव्हतंच. पातळ पाणी तापलं की तळाचं गरम पाणी वर येतं, वरचं थंड पाणी खाली जातं आणि उष्णता सगळीकडे पोचते. चीज वितळून दुधात मिसळलं की खीर आटवताना होते तशी अवस्था येते. दाट पदार्थ फिरत नाही, उष्णता तळाशीच अडकते. तिथलं पाणी आटलं की तापमान ११५ वर थांबायचं कारणच उरत नाही. ते भराभर चढतं, दुधातली साखर आणि प्रथिनं करपतात, आणि बुडाचा तापमापक 'भांडं कोरडं पडलं' असं समजून वीज तोडतो. दाब तयार व्हायच्या आधीच कुकर थांबला होता, म्हणून वरचे बटाटे कच्चे. कुकर बिघडला नव्हता. त्यानं आमचं भांडं वाचवलं.

तरीही एक शंका उरत होती. बटाट्याला काही मिनिटं का होईना चांगली उष्णता मिळाली होती. इतका कचकचीत तो का राहावा?

बटाटा मऊ होतो म्हणजे काय

बटाट्याची पातळ चकती सूक्ष्मदर्शकाखाली धरून आयोडीनचा थेंब टाकला, की निळ्या-काळ्या कणांनी भरलेल्या पिशव्या दिसतात. पिशव्या म्हणजे पेशी, कण म्हणजे पिष्ट. हा प्रयोग बहुतेक शाळांत होतो. तो करताना पिशव्यांच्या मधल्या जागेकडे मात्र फारसं कुणी पाहत नाही. शेजारच्या पेशींना एकमेकींशी चिकटवून ठेवणारं तिथलं द्रव्य म्हणजे पेक्टिन. जॅम घट्ट होतो तो याच्याचमुळे.

तापवल्यावर दोन गोष्टी होतात. साठ-सत्तर अंशांच्या दरम्यान पिष्टाचे कण पाणी पिऊन फुगतात. हे लवकर होतं. पण तेवढ्यानं बटाटा मऊ होत नाही. पेक्टिनच्या लांब साखळ्या तुटून पेशी सुट्या व्हाव्या लागतात. हे काम सावकाश, आणि जास्त तापमानाला जलद होतं. उकडलेला बटाटा बोटांनी सहज कुस्करतो तेव्हा पेशी फुटत नाहीत, फक्त एकमेकींपासून सुटतात.

पेक्टिनच्या साखळ्या तुटण्याचा वेग आम्लतेवर अवलंबून असतो. आंबट पाण्यात त्या फार हळू तुटतात, अल्कधर्मी पाण्यात भराभर. पिढ्यान्‌पिढ्या स्वयंपाक करणाऱ्यांना हे ठाऊक आहे. बटाट्याच्या रश्श्यात चिंच किंवा आमसूल बटाटा शिजल्यावर घालतात, आधी घातली तर फोडी 'दडस' राहतात. आम्ही आंबट दही सुरुवातीलाच घालून बसलो होतो. चव येईल म्हणून.

पेक्टिनला बळकट करणारी दुसरी गोष्ट म्हणजे कॅल्शियम. ते दोन शेजारच्या साखळ्यांमध्ये पूल बांधतं. कोहळ्याचा पेठा करताना फोडी चुन्याच्या निवळीत भिजत घालतात. मग त्या पाकात कितीही शिजल्या तरी विरघळत नाहीत, ते याच पुलांमुळे. संभाजीनगरकरांना हे पूल रोज भेटतात. शहराला नळाचं पाणी पैठणच्या जायकवाडी धरणातून येतं आणि वर्षानुवर्षं ते काही दिवसांआड येत आलंय. मधल्या दिवसांत बोअरचं किंवा टँकरचं पाणी. इथल्या काळ्या खडकातून, म्हणजे बेसाल्टमधून, आलेलं बोअरचं पाणी बऱ्याच ठिकाणी जड असतं; त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात. 'बोअरच्या पाण्यात डाळ शिजत नाही' ही तक्रार मराठवाड्यात घरोघरी ऐकू येते. ती डाळीची खोड नाही, पाण्यातल्या कॅल्शियमची आहे. बटाट्याला हा त्रास डाळीपेक्षा कमी होतो. डाळ कोरडी असते आणि आत शोषते ते सगळं पाणी बाहेरचं असतं. बटाट्यात मुळातच पाऊण हिश्शाहून जास्त पाणी असतं.

वर्गात हे सहज दाखवता येतं. सारख्या आकाराच्या फोडी तीन पातेल्यांत उकळा: एकात साधं पाणी, दुसऱ्यात चिंचेचं, तिसऱ्यात चिमूटभर खाण्याचा सोडा घातलेलं. दर पाच मिनिटांनी फोडीत टाचणी टोचा आणि किती जोर लागतो ते मुलांना लिहू द्या. सोड्याच्या पातेल्यातल्या फोडींचे कोपरे आधी झिजतात, चिंचेतल्या मात्र शेवटपर्यंत धारदार राहतात.

सगळे बटाटेही सारखे नसतात. पिष्ट जास्त असलेला बटाटा शिजल्यावर भुसभुशीत होतो, कमी असलेला चिकट आणि अखंड राहतो. निवडायची सोपी युक्ती आहे. एक लिटर पाण्यात सव्वाशे ग्रॅम मीठ विरघळवा. जास्त पिष्टाचे बटाटे त्यात बुडतात, कमी पिष्टाचे तरंगतात. चीजच्या पदार्थाला आम्हाला बुडणारे आवडले, कारण त्यांच्या सुट्या झालेल्या पेशींमुळे रस आपोआप दाट होतो. फोडी अख्ख्या हव्या असतील त्यांनी तरंगणारे घ्यावेत.

चीज वितळतं, पनीर का नाही

आता चीज. दुधातलं मुख्य प्रथिन केसीन. त्याचे रेणू गोळ्यांच्या रूपात दुधात तरंगतात, आणि या गोळ्या आतून कॅल्शियम फॉस्फेटनं बांधलेल्या असतात. पुन्हा कॅल्शियमचेच पूल. चीज करताना दुधाला रेनेट नावाचं विकर लावतात. ते गोळ्यांवरचं संरक्षक आवरण कापतं, गोळ्या एकमेकींना जोडल्या जातात आणि चरबी पकडून ठेवणारी जाळी तयार होते. ही जाळी गरम झाल्यावर सैल पडते आणि तिच्यातली चरबी पातळ होते. यालाच आपण चीज वितळणं म्हणतो.

पनीरची गोष्ट निराळी. तिथे दूध आधी उकळीजवळ तापवतात आणि मग लिंबू किंवा दुसरं आम्ल घालून फाडतात. तापवल्यामुळे निवळीत जाणारी प्रथिनं उलगडून केसीनला चिकटतात. आम्लामुळे कॅल्शियमचा बराच भाग विरघळून निवळीबरोबर निघून जातो. उरलेली प्रथिनं पुलांशिवाय थेट एकमेकांना घट्ट धरतात, आणि ही पकड तापवल्यानं सुटत नाही. म्हणून पनीर तळा, भाजा, मटारच्या रश्श्यात उकळा, आपले चौकोन सोडत नाही. 'चीज महाग, त्याऐवजी पनीर किसून घालू' असा बेत आमच्यापैकी एकानं मांडला होता. चव चांगली आली असती, पण तार आली नसती.

वितळलेलं चीज आणखी तापवलं की मात्र उलटं घडतं. सैल झालेली जाळी आकसू लागते, पाणी बाहेर पिळून निघतं आणि चरबीला धरायला कुणी उरत नाही. वर तवंग, खाली रबर. वितळायला साठ-सत्तर अंश पुरतात. आम्ही त्याला करपणाऱ्या तळावर शिजवलं, त्यात आंबट दही. दही-दूध तापल्यावर फाटतं हे आम्हाला माहीत नव्हतं असं नाही. चीज आहे म्हटल्यावर विसरलो.

लिंबू आणि सोडा

दुकानात मिळणाऱ्या चौकोनी वड्या म्हणजे प्रक्रिया केलेलं चीज. स्वित्झर्लंडमध्ये १९११ साली वॉल्टर गेर्बर आणि फ्रिट्झ श्टेटलर यांना उष्ण प्रदेशांत टिकणारं चीज बनवायचं होतं. चीज तापवून डब्यात भरावं, तर चरबी सुटायची. त्यांनी त्यात सोडियम सायट्रेट घातलं आणि ते एकजीव झालं. सायट्रेटला कॅल्शियमची ओढ असते. ते केसीनच्या जाळीतलं कॅल्शियम काढून घेतं आणि त्या जागी सोडियम येतं. सोडियमला एकाच वेळी दोन साखळ्या धरता येत नाहीत, त्यामुळे पूल मोडतात. मोकळं झालेलं केसीन चरबीच्या थेंबांभोवती बसतं आणि त्यांना पाण्यात मिसळून ठेवतं. वेष्टनावरच्या घटकांच्या यादीत सोडियम सायट्रेट हे नाव किंवा ३३१ हा आकडा पुष्कळदा सापडतो. मुलांना शोधायला सांगा.

हा क्षार घरीही करता येतो. लिंबात सायट्रिक आम्ल असतं, खाण्याचा सोडा म्हणजे सोडियम बायकार्बोनेट. दोन्ही एकत्र आले की कार्बन डायऑक्साइड फसफसून जातो आणि पाण्यात सोडियम सायट्रेट राहतं. एका मोठ्या लिंबाचा रस, म्हणजे दोन मोठे चमचे, घेतला तर त्यात साधारण दीड ग्रॅम आम्ल असतं. ते पुरतं उदासीन करायला दोन ग्रॅमच्या आसपास सोडा लागतो, म्हणजे अर्धा लहान चमचा, आणि त्यातून दोनेक ग्रॅम सायट्रेट मिळतं. शंभर ग्रॅम चीज एकजीव राहायला एवढं पुष्कळ झालं. सोडा चिमटी-चिमटीनं घाला आणि फसफसणं थांबलं की थांबा. जास्त झाला तर साबणासारखी चव येते. लिंबाचा आंबटपणा संपलेला असतो, त्यामुळे दूध फाटत नाही. मुलांना हे पटत नाही. लिंबू घातलेलं दूध फाटलं नाही हे डोळ्यांनी पाहिल्यावर मात्र वर्गात चांगली चर्चा होते.

दुसरा प्रयत्न

पंधरा दिवसांनी तीच मंडळी, तोच कुकर. एक किलो बटाट्यांच्या इंचभर फोडी केल्या. त्यावर दीड वाटी नळाचं पाणी आणि मीठ, बाकी काही नाही. दाब यायला दहा मिनिटं लागली. हा आकडा आम्ही आधी कागदावर काढून ठेवला होता. एवढे बटाटे, पाणी आणि भांडं २५ अंशांवरून ११५ पर्यंत न्यायला साधारण ४८० किलोज्यूल लागतात. एक किलोवॅटच्या तबकडीला त्याला आठ मिनिटं पुरावीत. उरलेली दोन मिनिटं बाहेर गेलेल्या उष्णतेची. दाबाखाली सात मिनिटं ठेवले. एकूण वीज पाव युनिटाच्या आत.

मग सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट: झडप लगेच उघडली नाही. आत ११५ अंशांचं पाणी आहे. दाब एकदम सोडला तर त्या पाण्याला ९८ अंशांवर यावं लागतं आणि जास्तीची उष्णता वाफेच्या रूपात बाहेर पडते. एक किलो पाण्यामागे तीसेक ग्रॅम पाण्याची वाफ होते. ऐकायला थोडं वाटतं, पण तिचं आकारमान पन्नास लिटरच्या वर जातं, आणि ती निघते बोटाएवढ्या छिद्रातून. पिष्टाचं पाणी फेसाळतं, आणि दूध असेल तर आणखीच. तो फेस झडपेत शिरून तिला बुजवू शकतो. म्हणून भांडं दोन-तृतीयांशाहून जास्त भरायचं नाही, दहा मिनिटं थांबायचं, झडपेवर हात किंवा तोंड न्यायचं नाही, आणि दाब दाखवणारी खिट्टी आपोआप खाली पडल्याशिवाय झाकणाला जोर लावायचा नाही. खोलीवर राहून परीक्षांचा अभ्यास करणाऱ्या मुलांकडे हे कुकर आता दिसतात. घाईत झाकण ओढण्याची हौस तिथेच जास्त.

झाकण काढून पाच मिनिटं वाफ जाऊ दिली. तोवर अर्धी वाटी कोमट दुधात लिंबू-सोड्याचं पाणी मिसळलं. ते बटाट्यांवर ओतलं, मग पंचवीस ग्रॅमच्या सहा वड्यांचा कीस थोडा थोडा घालत लाकडी चमच्यानं हलवलं. कुकर बंदच होता. बटाट्यांची स्वतःची उष्णता पुरली. मिरपूड, बारीक चिरलेली हिरवी मिरची आणि कोथिंबीर. कुठे तवंग नाही, गुठळी नाही. मराठवाड्यातले काही त्याला आलू म्हणत होते, आमच्यातले पुण्या-नाशिकचे बटाटा. ज्वारीच्या भाकरीबरोबर दोन्ही नावांनी संपला.

भांडं घासायला या वेळी तीच मुलगी पुढे आली आणि नवा प्रश्न घेऊनच. सायट्रेट चीजमधलं कॅल्शियम ओढून घेतं, तर बोअरच्या पाण्यातलंही घेईल. मग ते लिंबू-सोड्याचं पाणी डाळीत घातलं तर? दोन डब्यांत सारखी तूरडाळ, सारखं बोअरचं पाणी, एकात तिचं मिश्रण, आणि दोन्ही डबे एकाच कुकरमध्ये, असा बेत तिनं तिथेच आखला. तिसरा डबा नुसत्या सोड्याचा हवा, नाहीतर काम सायट्रेटनं केलं की सोड्यानं हे कळणार नाही, असं तिच्या मैत्रिणीनं सुचवलं. आपल्या गावातही बोअरच्या पाण्यात डाळ कच्ची राहत असेल, तर हे तीन डबे लावून पाहा.